मंगळवारच्या सुया

“आज तरी गप बसायचं हाय का न्हाय ह्या दोघांनी?” पडद्यापलीकडून केराबाईंचा आवाज आला. “मान दुखती म्हणून यावं, तर कान दुखून जायची पाळी.”

पडदा म्हणजे दवाखान्यातल्या दोन खाटांच्या मध्ये तारेवर टाकलेली जुनी चादर. तिच्यातून माणसाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. मानसिंग अण्णांनी आवाज खाली आणला. निदान आणला असं त्यांना वाटलं. जन्मभर ह्या बांधावरून त्या बांधावर बोललेला माणूस.

“तर काय सांगत हुतो,” ते प्लास्टिकच्या स्टुलावरून खाटेवर निजलेल्या सोनाबाईंच्या कानाशी वाकले, “भुरीनं लाथ झाडली आन् भरली चरवी लवंडली.”

“धारंला कोण बसलं हुतं?”

“थोरली सून.”

“भुरीला आदी पाठीवर थाप लागती. सांगितलं न्हाय व्हय तिला?”

“सांगितलं की. तिला वाटतं, म्हातारा काय बी बोलतो.”

सोनाबाई हसल्या आणि हसताना पोट हललं म्हणून लगेच ओठ मिटून पडून राहिल्या. दोन्ही नडग्यांच्या कडेला, पावलांवर आणि हातांच्या बेचक्यांत केसासारख्या बारीक सुया उभ्या होत्या. डाव्या गुडघ्यावरचा लांब व्रण उघडा होता. वाटी बदलली ती हीच. त्या व्रणाच्या आसपास मात्र रुद्राणी मॅडम एकही सुई लावत नसत. सुया आहेत तोवर हलायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम.

“अवो,” सोनाबाई म्हणाल्या, “नाक खाजतंय.”

अण्णांनी दाराकडे पाहिलं. बाकावर बसलेल्या सृष्टीने मोबाइलमध्ये मान घातली. धाकट्या सुनेला एवढं तरी कळायला हवंच. मग आंबा पिकलाय का बघावा तसं अण्णांनी बायकोच्या नाकाला बोट लावलं.

“हितं?”

“वर जरा.”

“हितं?”

“आता बास. सोलून काढताय का?”

पलीकडे केराबाई मोठ्याने खोकल्या.

सृष्टीचं लग्न झालं तेव्हापासून तिने ह्या दोघांना एका खोलीत असं रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गावी केमच्या घरी अण्णा बाहेर पडवीत आणि आत्या, म्हणजे सासूबाई, आत चुलीपाशी. चहा झाला, पाहुणे आले, दार लावून घ्या, हे सगळे निरोप पोरांच्या तोंडून जायचे. समोर आल्या तरी आत्यांच्या हातात ताट नाहीतर तांब्या असायचा. इथे हातात सुया होत्या. कुणाला काही वाढायचं नव्हतं, कुणासमोरून लवकर आत जायचं नव्हतं, आणि केराबाई सोडल्या तर कुणी नाव ठेवणारं नव्हतं.

अण्णा केमहून सकाळच्या गाडीने यायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. आत्या धाकट्या शिवराजकडे सोलापुरात, अण्णा थोरल्या अभिमन्यूकडे केमला, असं ठरलेलं होतं. ठरवलेलं अण्णांनीच.

वाटण्या करण्यात अण्णांचं त्या भागात नाव होतं. दोन भाऊ काठ्या घेऊन उभे राहिले की कुणीतरी म्हणायचं, मानसिंगअण्णाला बोलवा. अण्णा टोपी मांडीवर ठेवून दिवसभर बसायचे, विहिरीच्या पाळ्यांपासून परड्यातल्या शेवग्यापर्यंत सगळं जोखायचे, आणि शेवटी अशी वाटणी द्यायचे की दोघंही भाऊ सारखेच नाराज होऊन घरी जायचे. तीच खरी वाटणीची खूण, असं ते अभिमानाने सांगत.

स्वतःच्या घरची वेळ आली तेव्हाही त्यांनी हात आखडला नाही. जमीन झाली, विहीर झाली, बांधावरचे आंबे एकाआड एक झाले. मग पंचांतल्या कुणीतरी विचारलं, “आन् तुमी दोघं?” उत्तर तयारच होतं. आपण थोरल्याकडे, बायको धाकट्याकडे. दोन्ही घरांवर भार सारखा. बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. आपल्या म्हातारपणाचीही इतकी सरळ वाटणी करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. सोनाबाई तेव्हा आत चहा गाळत होत्या. पुढच्याच आठवड्यात त्या एक ट्रंक घेऊन सोलापूरला आल्या, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत.

गुडघा आधीपासूनच गेलेला होता. जिन्याने तो पार संपवला. ऑपरेशन चांगलं झालं, पण नंतरच्या रात्री वाईट गेल्या. ठणका थांबेना, गोळ्या घेतल्या की पोटात आग पडायची. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम सोडायचा नाही. टाके सुकलेत, आता त्याच्या जोडीला सुयांचा उपचार करून बघायचा तर बघा. म्हणून रुद्राणी मॅडम. पहिल्या मंगळवारी अण्णा नुसते भेटायला म्हणून आले आणि स्टुलावर बसले. पुढच्या मंगळवारी स्टूल आधीच मांडून ठेवलेलं होतं.

आणि गुडघा बरा झाला. व्यायामाने, सुयांनी, की नुसत्या गेलेल्या दिवसांनी, ते कोण सांगणार? सृष्टीला कळलं ते अचानक. दूध घेऊन ती घरात शिरली तर आत्या स्वयंपाकघरात स्टुलावर चढून माळ्यावरचा पापडांचा डबा काढत होत्या. दोघींची नजरानजर झाली. मग दोघींनी डब्याकडे पाहिलं.

“खाली घेऊ?” सृष्टीने विचारलं.

“घे.”

एवढंच. संध्याकाळी शिवराजच्या देखत आत्या कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत जिना चढल्या. सृष्टी मागून त्यांची पिशवी घेऊन चढली.

मॅडमना कळलं नसेल असं नव्हतं. गुडघा हातात घेऊन त्या वाकवायच्या, तो वंगण घातलेल्या कडीसारखा वाकायचा.

“दुखतंय?”

“लई.”

मॅडम सृष्टीकडे बघायच्या, मग खिडकीकडे. “बरं. पुढच्या मंगळवारी या.”

आज मात्र शिवराज थांबला होता. एरवी तो आईला रिक्षातून उतरवून टॉवेलच्या कारखान्यात पळायचा. आज त्याने अर्धी रजा टाकली होती आणि सकाळपासून त्याच्या कपाळावर आठी होती. मॅडम सुया काढायला कापूस घेऊन आल्या, तसा तो आत येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

“मॅडम, अजून किती दिवस चालणार हे?”

“गुडघ्याचं तसं सांगता येत नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “हळूहळू येतोय.”

“काल डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो बघितला. म्हणाले, एकदम झकास. म्हणाले, आता हिंडू द्या त्यांना.”

“रातचं ठणकतं,” सोनाबाई छताकडे बघत म्हणाल्या.

शिवराज बायकोकडे वळला. “तू सांग. घरी कशी असते?”

सृष्टीने चपलेचा पट्टा नीट केला. “कधी दुखतं, कधी नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तेच की. कधी दुखतं, कधी नाही.”

शिवराजने श्वास सोडला. “दादाचा फोन होता सकाळी. अण्णा गेल्या मंगळवारी गाडीतून उतरताना पडता पडता वाचले. लोकांनी धरलं म्हणून. दादा म्हणतो, ह्यापुढं मी पाठवणार न्हाय. काय झालं म्हणजे लोक मला विचारतील.”

सोनाबाईंची मान तेवढी वळली. “पडला हुता?”

“पडतोय कशाला?” अण्णा म्हणाले. “पाय जरा हुकला.”

“मला सांगितलं न्हाय.”

“त्यात काय सांगायचं?”

मग शिवराज म्हणाला, “न्हायतर अण्णा, तुमीच ऱ्हावा की इकडं चार दिवस.”

त्याने ते एकदाच म्हटलं. उंबऱ्यावरून निघालेल्या माणसाला चहा घेऊन जा म्हणावं, तसं. सृष्टीच्या डोळ्यांसमोर घरातल्या दोन खोल्या आल्या, मोरीपुढचा चिंचोळा बोळ आला, सकाळची घाई आली. नवऱ्याच्या बोलण्याला पुस्ती जोडायची ही वेळ होती, हे तिला कळत होतं. तिने सासूची पिशवी उचलून मांडीवर घेतली. वेळ गेली.

अण्णांनी दोघांकडे पाहिलं. कोण मनापासून सोडतंय आणि कोण तोंडदेखलं, हे ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“न्हाय न्हाय,” ते म्हणाले. “ठरलंय तेच बरं. मी तुज्याकडं आलो तर अभिमन्यूला गावात खाली बघावं लागंल, थोरल्यानं बापाला सांबाळलं न्हाय म्हून. हिला तिकडं न्यावं, तर तुज्यावर बोल. दोगांचं बी नाक ऱ्हायलं पायजे.”

“मी कुठं काय म्हणालो?” शिवराज म्हणाला, पण त्याचे खांदे खाली आले होते.

“मॅडम,” अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवून सरळ केली, “बरी झाली आसंल तर उगं टोचू नगा. पोरगं काम सोडून येतंय, सून दिस घालवती. सगळा भार एकाच घरावर पडतोय ह्यो. त्ये काय बरं न्हाय.”

मॅडमचा कापूस धरलेला हात तसाच राहिला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. स्वतःच्या कानडीत असतं तर त्या म्हणाल्याही असत्या बहुतेक, घरच्यासारखं, अंगावर येऊन. मराठीत त्या पेशंटशी बोलायच्या, आणि हे पेशंटचं राहिलं नव्हतं.

“आमच्याकडनं काही घाई नाही,” एवढंच त्या म्हणाल्या.

“तसं न्हवं. आज शेवटचं करा.” अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले. वाटणी झाल्यावर ते असेच उठायचे. मग घरातल्या बायकांनी चहा आणायचा असे.

तेव्हा सोनाबाईंनी डावा पाय वाकवला.

हळू नाही, कण्हत नाही. टाच गादीवरून सरळ मागे आली, गुडघा वर उभा राहिला, आणि नडगीतल्या सुया त्याच्याबरोबर वर येऊन थरथरत उभ्या राहिल्या.

“अहो आई, हलू नका!” मॅडमनी पटकन त्यांचं पाऊल धरलं. “सुई वाकेल.”

“वाकू दे,” सोनाबाई म्हणाल्या. “गुडगा बरा हाय. कवाच झालाय. सृष्टीला बी ठावं हाय, मॅडमना बी.”

शिवराजने बायकोकडे पाहिलं. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“मग झालं की,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीचं समाधान होतं, हिशोब जुळल्यासारखं. “बरी झालीस, चांगलं झालं. आता आपापल्या जागी सुखानं ऱ्हायचं. मी कुणावर अन्याव केला न्हाय. पोरांना इचारलं, सुनांना इचारलं, भावकीला इचारलं. सगळ्यांना इचारूनच समदं केलं.”

सोनाबाईंचे दोन्ही हात अंगाशी सरळ पडलेले होते, बेचक्यांत सुया तशाच. त्यांना उठून बसता येत नव्हतं, पदर ओढून घेता येत नव्हता. त्यांनी तशीच, निजल्या निजल्या, नवऱ्याकडे मान फिरवली. इतक्या वर्षांत माणसांसमोर त्या त्यांच्याकडे अशा नजरेला नजर देऊन पहिल्यांदाच बघत होत्या.

“मला न्हवतं इचारलं,” त्या म्हणाल्या.