परीच्या रांगेतला बेडूक

दातांच्या डॉक्टरीणबाईंना परी व्हायचं नव्हतं. परी व्हायची होती त्यांची वहिनी, म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या धाकट्या भावाची बायको. पण बालवाचन दिनाच्या हिरव्या कागदी झुरमुळ्या टांगताना ती स्टुलावरून पडली, पाय मुरगळला, आणि भावाने सकाळीच बहिणीचं दार ठोठावलं.

"ताई, फक्त उभं राहायचं, छडी फिरवायची आणि हसायचं," तो म्हणाला.

"हसायचं?"

"बरं, हसू नकोस."

या दोघांचं लहानपणापासून असंच. तो पऱ्यांच्या गोष्टी वाचता वाचता जेवायचं विसरायचा आणि ही त्याच्या मागे उभी राहून विचारायची, की राक्षस एवढी माणसं खातो तर त्याच्या दाढा किडत कशा नाहीत. पुढे तिने दाढांचाच धंदा केला आणि त्याने पुस्तकांचा. गोष्टीचं एकही पुस्तक आपण शेवटपर्यंत वाचलेलं नाही, हे ती अभिमानाने सांगायची.

पण भाऊ तो भाऊ. डॉक्टरीणबाईंनी वहिनीचा झगा चढवला. वहिनी ठेंगणी, बाई ताडमाड. झगा गुडघ्यांवरच संपला. खाली त्यांची रोजची काळी पँट आणि दवाखान्यातले पांढरे बूट दिसत होते. पाठीवर तार वाकवून मच्छरदाणीच्या कापडाचे पंख बांधले होते. ते इतके रुंद, की कपाटांमधून जाताना बाईंना खेकड्यासारखं आडवं चालावं लागत होतं.

मुलांची रांग लागली. एकेकाने पुढे यायचं, परीकडे इच्छा मागायची, परीने छडी फिरवायची आणि बक्षीस म्हणून पुस्तक द्यायचं. अडचण एवढीच झाली, की गावातली निम्मी मुलं बाईंच्या खुर्चीत बसून गेली होती. परीने "बोल बाळा, काय हवं?" असं विचारलं, की त्या आवाजासरशी पोरं तोंड गच्च मिटून घेत. एकाने मानेनेच सांगितलं की काही नको. दुसऱ्याची इच्छा होती की घरी जावं. बाईंनी छडी फिरवली आणि ती लगेच पूर्ण झाली.

अशात नंबर लागला खिडकीचा. पुढचे दात पडल्यापासून या मुलीला घरात सगळे खिडकीच म्हणत. तिने एका हाताने धाकट्या भावाचं, गोटूचं, मनगट धरलं होतं. गोटू नुकताच पळायला शिकला होता आणि मिळेल ते चावत होता. दोघांना घेऊन आलेले आजोबा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होते.

खिडकी घाबरली नाही. दात पडून गेल्यावर आता दातांची डॉक्टर आपलं काय वाकडं करणार, असा तिचा हिशेब असावा. तिने तक्रार नीट मांडली. गोटूने तिच्या परीकथांच्या पुस्तकाची पानं खाल्ली होती. फाडली असती तर चिकटवता आली असती, पण खाल्ली होती. राजकन्या विहिरीपाशी पोचते तिथपर्यंत गोष्ट होती, पुढची गोटूच्या पोटात.

"म्हणून याला बेडूक करा," ती म्हणाली.

बाईंचे खांदे तारेने काचत होते. रांग लांब होती. त्यांनी छडी फिरवली, "झाला. पुढे कोण?" म्हटलं आणि तिच्या हातात पुस्तक दिलं.

पुस्तक घ्यायला खिडकीने दोन्ही हात पुढे केले आणि त्यासाठी गोटूचं मनगट सोडलं. पुस्तकावर विहिरीचं चित्र होतं. तिने तिथेच सतरंजीवर बसून पान उलटलं आणि त्यात बुडून गेली. मान वर केली तेव्हा गोटू नव्हता. त्याचा एक बूट होता. आणि बुटाशेजारी, अंगणातल्या कुंड्यांमधून आत आलेला, एक गुबगुबीत बेडूक बसला होता.

खिडकी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने बेडकाकडे नीट बघितलं. पोट तसंच होतं. मान नव्हती, पण गोटूलाही फारशी नव्हती. तिने त्याला अलगद आपल्या टोपीत घेतलं, बूट काखेत मारला आणि शिस्तीत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या मुलीने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की हा आमचा गोटू आहे, हात लावू नकोस, त्याला सवय नाहीये.

बऱ्याच वेळाने तिचा नंबर आला. तिने टोपी पुढे केली.

"याला परत उलटा करून द्या," ती म्हणाली. आवाज आता जरा ओला झाला होता. "आई विचारेल."

बाईंनी टोपीत पाहिलं आणि पंखांसकट मागे सरकल्या. माणसांच्या जबड्यात दिवसभर हात घालणाऱ्या या बाई बेडकाला मात्र फार भीत. त्यांनी लांबूनच समजावलं, की असं काही होत नसतं, माणसाचा बेडूक होत नाही.

"पण तुम्हीच झाला म्हणालात."

बाईंनी भावाला हाक मारली. भाऊ आला, त्याने टोपीत पाहिलं, बूट पाहिला आणि गंभीर होऊन म्हणाला की गोष्टींमध्ये यावर सहसा पापी घेतात.

"कुणी कुणाची पापी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "खरा मुलगा कुठे आहे?"

तेव्हा कुठे भावाच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने दार लावून घेतलं आणि शोधाशोध सुरू झाली. भाऊ टेबलांखाली वाकून बघत होता. बाई कपाटांमधून आडव्या चालत होत्या आणि पंखांनी वरची पुस्तकं पाडत होत्या. मागून खिडकी टोपी घेऊन येत होती आणि बेडकाला सांगत होती, की घाबरू नको, बिस्किटं तुझी तुलाच देईन, पानंही खा, हवं तर पहिल्यापासून खा.

शेवटच्या कपाटापाशी बाई थबकल्या. खालच्या कप्प्यातून कुरतडल्यासारखा आवाज येत होता. त्या झग्यासकट गुडघ्यांवर बसल्या, मोठ्या चित्रांची पुस्तकं बाजूला केली आणि आत हात घालून गोटूला बाहेर ओढलं.

गोटू खुशीत होता. वहिनीने टांगलेल्या झुरमुळ्यांचा एक अख्खा झुपका त्याने चघळून संपवला होता. रंग कच्चा होता. ओठ हिरवे, हनुवटी हिरवी, जीभ तर गडद हिरवी. बहिणीला पाहून त्याने जीभ बाहेर काढली.

खिडकीने टोपीत पाहिलं, गोटूकडे पाहिलं आणि परीला म्हणाली, "अर्धाच झालाय."

आता बाईंनी वाद घातला नाही. गोटूला काखोटीला मारून त्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, बाह्या वर केल्या आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाल्या, "आ कर."

गोटूने आ केला. त्यांनी ओल्या रुमालाने जीभ खसाखसा पुसली, दाढा तपासल्या. "चूळ भर. थुंक. पुन्हा भर. थुंक." दर चुळीला गोटू थोडा थोडा माणसात येत गेला. रांगेतली सगळी मुलं भोवती जमली होती. एवढी ताकदीची परी त्यांनी पाहिली नव्हती. शेवटची चूळ स्वच्छ पडली तेव्हा खिडकीने गोटूचा गाल बोटाने घासून पाहिला, रंग येत नाही याची खात्री केली आणि मग त्याला इतकी घट्ट मिठी मारली की तो तिच्या खांद्याला चावला.

बेडकाला तिने स्वतः कुंड्यांमध्ये सोडलं आणि उगाच गोटू म्हटलं म्हणून त्याची माफी मागितली. आजोबा उठले, सगळं ऐकून घेतलं आणि घरी काही बोलायचं नाही असं दोघांना बजावून घेऊन गेले.

निघताना खिडकी पुस्तक हातात धरून परीला सांगत राहिली, की राजकन्येच्या विहिरीत एक म्हातारी राहत असते, आणि ती म्हातारी कोण आहे ते कळायच्या आतच गोटू हरवला. "तुम्हाला ठाऊक असेलच," ती म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

त्याच पुस्तकाची एक प्रत बाईंनी भावाकडून मागून नेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दवाखान्यात आ करून बसले होते आणि बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. औजारं तयार करत असतील म्हणून गृहस्थांनी बराच वेळ दम धरला. शेवटी घशातून काहीतरी आवाज काढला.

"थांबा जरा," पुस्तक न मिटता बाई म्हणाल्या, "म्हातारी बोलायला लागलीये."