माझ्या पोटातला सयाजी

मित्रांनो, मी एक जुना याक आहे. खरा नव्हे, नाचाचा. खऱ्या याकला चार पाय असतात आणि ते चारही त्याचेच असतात. माझे पाय उसने. दोन पुढच्या माणसाचे, दोन मागच्याचे. त्यामुळे मी फिरलो पुष्कळ. पण कुठे जायचं हे मला कोणी कधी विचारलं नाही.

माझा जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत झाला. आमच्या नाचाच्या गुरुजींनी लाकडातून माझं डोकं कोरलं, वेताच्या बरगड्या बांधल्या आणि वरून काळ्या लोकरीची लांब झुलपं शिवली. शेपूट मात्र खऱ्या याकचं. ते कोणीतरी लडाखहून आणून दिलं होतं. हिमालयाचं म्हणावं असं माझ्यात एवढंच. बाकी मी पक्का मुंडगोडचा. बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर.

माझा नाच सोपा आहे. गुराखी गात येतो, मी हट्ट करतो, त्याच्यावर धावून जातो, लोकांत घुसतो. मग तो मला चुचकारतो आणि शेवटी मी गुडघे टेकून सर्वांना वंदन करून उठतो. गुराख्याचं काम गुरुजी करत. पुढचे पाय नोर्बूचे, मागचे दोर्जेचे. खेळ संपला की लोक नोर्बूबरोबर फोटो काढत. मागून घामाघूम दोर्जे बाहेर पडे तेव्हा त्याला सतरंज्या गुंडाळायला सांगत. तो गुंडाळतही असे. स्वभावच तसा.

मित्रांनो, याच स्वभावापायी कोल्हापुरात घोटाळा झाला.

लोककलांच्या महोत्सवासाठी आम्हाला बोलावलं होतं. उतरायची सोय शिवाजी पेठेतल्या एका तालमीत केली होती. सकाळी उठून बघतो तर लाल मातीत पोरं घुमत होती. त्यातल्या एका दांडग्यानं दोर्जेला हाक मारली, "पावणं, या की! एक डाव बघा आमचा." कोल्हापुरात 'डाव बघा' याचा अर्थ लांबून बघा असा होत नाही. पाहुणा मातीत उतरला नाही तर यजमानाला वाईट वाटतं. दोर्जेला ते वाईट वाटणं सहन होईना. तो उतरला. पैलवानानं अगदी प्रेमानं त्याला उचललं, प्रेमानं आपटलं आणि प्रेमानंच दवाखान्यात नेलं. पाठीत लचक. आठवडाभर सक्तीची विश्रांती.

खेळ त्याच संध्याकाळी होता. अर्ध्या याकला कोणी मानधन देत नाही.

तेवढ्यात पाहुण्यांसाठी भाकरी घेऊन आलेल्या बयाबाई म्हणाल्या, "मागचं पाय पायजेत न्हवं? मग आमचं मालक हाईत की घरात. रिकामंच हाईत."

बयाबाईंचे मालक म्हणजे सयाजी. पेठेत सोंगी भजनाचं एक मंडळ आहे. भजन म्हणता म्हणता देवादिकांची सोंगं आणायची, लोकांना हसवायचं आणि हसता हसता चार गोष्टी सुनवायच्या, असा त्यांचा कार्यक्रम. त्यांचं गाजलेलं सोंग यमाचं. यम रेड्यावर बसून येतो. त्या रेड्याचे मागचे पाय म्हणजे सयाजी. अर्धा जन्म त्यांनी त्या रेड्यात वाकून काढला. यंदा मात्र मंडळाचे प्रमुख बाळासो यांनी त्यांना घरी बसवलं होतं. कारण काय, तर गुडघे गेले.

बाळासो स्वतः यमाचं काम करत. वजन असं की यमाला जीव न्यायला फास लागू नये, नुसतं बसला तरी काम व्हावं. रेड्यावर बसायचे म्हणजे मागच्या माणसाच्या पाठीवर बसायचे. सयाजींचे गुडघे कुठे गेले, याचा शोध मंडळाने कधी घेतला नाही.

सयाजी आले. मला उचकटून आत बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "रेड्यापरास मोकळं हाय. वारा लागतोय."

नोर्बूला मराठी येत नव्हती, सयाजींना तिबेटी. पण सयाजी गडहिंग्लजकडचे. घरात अर्धं कानडी. नोर्बूची शाळा कानडी. तेव्हापासून माझ्या पोटात शुद्ध कानडीतून कारभार सुरू झाला. "निधान, अण्णा, निधान," नोर्बू म्हणे, म्हणजे हळू. आणि सयाजी त्याच्या कमरेचा पट्टा धरून म्हणत, "तू फक्त पुढं बघ. मागं मी हाय." हिमालयाच्या याकच्या पोटात कानडी बोललं जातंय हे गुरुजींना फारसं रुचलं नसावं, पण चार पाय एका वेळी पडत होते, त्यामुळे त्यांनी चालवून घेतलं.

तालमीत दोन वेळा सराव झाला. प्रत्येक वेळी वंदनाला टेकताना सयाजींचा उजवा गुडघा 'कट्ट' वाजला. नोर्बूनं विचारलं, "अण्णा, उठवेल ना?"

"उठायलाच पायजे," सयाजी म्हणाले. "बाळासो म्होरं बसणार हाय. आज बसलो तर जन्मभर बसलो. न्हाय बसलो, तर उद्या त्येच्याच दारात जाऊन माझी जागा मागणार."

संध्याकाळी मैदान भरलं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेले बाळासो, स्त्रियांच्या रांगेत बयाबाई. मी मंचावर आलो आणि प्रेक्षकांनी मला ओळखलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"आरं, म्हस हाय ही!"

"म्हशीला एवढी केसं? भादरा की तिला!"

"दूध किती देतीया वो?"

ज्या गावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना सजवून मिरवतात आणि मालकाच्या हाकेसरशी मागच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या म्हशीचं कौतुक घरच्या पदवीधरापेक्षा जास्त करतात, तिथे मी दुधाच्याच हिशेबात बसणार. मला राग आला नाही. मुंडगोडला माझी कोणी एवढ्या आपुलकीनं चौकशी केली नव्हती.

नाच मात्र रंगला. सयाजींच्या पायांत काय भरलं होतं कोण जाणे. मी गुराख्यावर धावलो, लोकांत घुसलो, एका पुढाऱ्याचा हार हुंगला. पोरं खुर्च्यांवर चढली. मग गुरुजींनी चुचकारलं, मी शांत झालो, आणि वंदनाला टेकलो.

कट्ट.

नोर्बू उठला. सयाजी उठले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही दारात बसलेलं कुत्रं पाहिलं आहे ना? समोरून उभं, मागून बसलेलं? मी तसा दिसत होतो. पहिल्या रांगेतून बाळासोंचा आवाज आला, "बसलं! म्या म्हनलंच हुतं. गुडघं गेल्यात त्येचं."

त्यावर बयाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "गेल्यात म्हंजे? तुमीच न्हेलासा न्हवं, बसून बसून!"

सगळं मैदान हसलं. माझ्या पोटात मात्र कोणी हसत नव्हतं. सयाजींचा घाम माझ्या लोकरीत झिरपत होता. ते दोनदा जोर करून थांबले. मग दबक्या आवाजात कानडीत म्हणाले, "पोरा, मला उठता येत न्हाई. पण मांड्या घट्ट हाईत. तू उलटा सरक. माझ्या मांड्यांवर पाय दे आन् वर जा."

"अण्णा, याक असं करत नाही."

"म्हस करती. जा वर!"

नोर्बू म्हणजे हाडं आणि नम्रता. वजन असं नाहीच. तो मागे सरकला, सयाजींच्या मांड्यांवर चढला आणि माझं डोकं शिंगांसकट थेट मंचाच्या झालरीला लागलं. मी मागच्या पायांवर उभा होतो. समोर सगळं कोल्हापूर पाडव्यासारखं पेटलं. शिट्ट्या, आरोळ्या, फेटे हवेत. कोणीतरी ओरडलं, "आरं, वळण बघ! वळण लावलंय जनावराला!" उतरताना नोर्बूनं सगळं अंग पुढे झोकलं, त्याच्या पट्ट्याला धरलेले सयाजी त्या हिसक्यानं वर आले, आणि आम्ही चारही पायांवर, झुलत का होईना, आत गेलो.

रंगपटात गुरुजी बराच वेळ माझ्या शिंगावरची झालर सोडवत होते. शेवटी म्हणाले, "याक असं करत नाही." मग सयाजींकडे बघून जोडलं, "इथला करत असेल."

तोवर बाळासो आत आले. बाहेर लोक "मागचा कोण? मागचा कोण?" असं ओरडत होते, आणि लोक कोणाच्या बाजूला आहेत हे बाळासोंना लवकर कळतं.

"सयाजी, झालं गेलं सोड. परवा गडहिंग्लजला खेळ हाय. रेड्याचं पुढचं पाय तुला दिलं. मान हाय, बाबा."

सयाजी बाकावर पाय पसरून बसले होते. बयाबाई गुडघ्याला तेल लावत होत्या.

"पुढचं नगं," सयाजी म्हणाले. "मागचंच द्या. पर यम चालत येणार."

"चालत? आरं, यम रेड्यावर बसून येतोय. पुराणात लिवलंय."

"पुराणातला रेडा खरा हुता, बाळासो."

बाळासोंनी गुरुजींकडे पाहिलं, नोर्बूकडे पाहिलं, तेलाच्या वाटीकडे पाहिलं. बाहेर आरोळ्या चालूच होत्या. "बरं," ते म्हणाले. "बघू एक डाव."

गडहिंग्लजच्या खेळाची चित्रफीत सयाजींनी नोर्बूच्या मोबाइलवर पाठवली. गुरुजींनी ती मलाही दाखवली, म्हणजे माझ्यासमोर धरून स्वतः पाहिली. पुढे रेडा, ताठ पाठीचा. मागे त्याचं दावं धरून यम. जीव न्यायला आलेल्या यमालाच धाप लागलेली. तो मंचाच्या मधोमध थांबला, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाला, "थांब गा जरा, दम घेतो." ते वाक्य सोंगात नव्हतं. लोक हसून हसून आडवे झाले. आता ते कायमचं सोंगात आहे.

आता मी म्हातारा झालो आहे. माझी लोकर झडली, एक शिंग हलतं. वसाहतीच्या सभागृहात एका कोपऱ्यात मला ठेवलं आहे. सहलीची मुलं येतात आणि फोटोसाठी माझ्या पाठीवर बसतात. त्यांचे शिक्षकही बसतात. मित्रांनो, मला उन्हात वाळवा, डांबरगोळ्या ठेवा, शिंगाला एक खिळा मारलात तर फारच उपकार होतील. पण पाठीवर बसण्याआधी एकदा खाली वाकून बघत जा. आत कोणी असतं.