पाट सांगितला, पाट आला

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे.

थांबा. एवढ्यावर पुढे गेलात तर फसाल. माझ्या वेळी, म्हणजे अठराशे चौऱ्याण्णव सालाच्या सुमाराला, वरळीच्या कोळीवाड्यात 'पाट' म्हटलं की दोन गोष्टी मनात येत. एक पाट बसायचा. तो मी. दुसरा पाट लावायचा. नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा संसार मांडला, तर त्याला कुणी लग्न म्हणत नसे. पाट लावला, म्हणत. लग्न व्हायचं दिवसा, मांडवात, गाण्याबजावण्यात. पाट लागायचा दिवेलागणीनंतर, मागच्या दाराशी, घोंगडीवर बसून, चार माणसांत.

एका शब्दाचे दोन अर्थ. त्यांच्या मधल्या फटीत माझा जन्म झाला.

उजवी फळी

मी साग आहे. बंदराकडच्या लाकडाच्या वखारीतून मला पारखून आणलं होतं, पण पाटासाठी नव्हे. मी सुकाणू होणार होतो. दौलत नावाच्या कोळ्याची एक होडी होती आणि तिचं सुकाणू कुजलं होतं. दौलतनं गाठीचा सगळा पैसा माझ्यावर घातला आणि मला परळच्या धोंडू सुताराकडे टाकलं. पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात जायच्या आत काम व्हायचं होतं.

दौलतची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्याच आळीत शेवंता राहायची. चोवीस-पंचवीस वर्षांची. तिच्या नवऱ्याला समुद्रानं नेलं होतं. ती दादर-परळच्या घरांतून मासळी विकायची. दोघांचं जमलं, जमातीनं होकार दिला, शनिवार ठरला.

दौलत लाजरा माणूस. स्वतःच्या लग्नाचं बोलावणं स्वतः जाऊन करणं त्याला जमेना. परळकडे मासळी नेणाऱ्या गणपत गाडीवानाला त्यानं घाईघाईत सांगितलं, "धोंडूला बोल, सुकानू ऱ्हाऊ दे. शनवारी पाट हाय. शेवंताचा."

म्हणजे, सुकाणवाचं नंतर बघू, तू लग्नाला ये.

गणपतनं निरोप जसाच्या तसा दिला. धोंडू होता तळकोकणातला, त्याला पाट म्हणजे बसायचा एवढंच ठाऊक. त्यानं रंधा खाली ठेवला, डोकं खाजवलं आणि कामाला लागला. सुकाणू नको. शनिवारपर्यंत पाट. शेवंतासाठी. त्यानं मला मधोमध कापलं, दोन फळ्या जोडल्या, खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि कडेनं वेलबुट्टीही काढली. मित्रांनो, मी सांगतो, माझ्याइतका देखणा पाट त्या वर्षी परळमध्ये दुसरा झाला नाही.

बुधवारी धोंडू मला खांद्यावर घेऊन कोळीवाड्यात हजर.

"ह्यो घे तुझो पाट. तीन दिस आधीच आणलंय."

दौलत माझ्याकडे बघतच राहिला. "ह्यो माझा सुकानू?"

"तूच सांगितलंस ना, सुकाणू ऱ्हाऊ दे म्हणान!"

"अरे, पाट म्हंजे… पाट लागतोय माझा! शेवंताशी!"

धोंडू हळूच म्हणाला, "तरीच. म्हटलं, एका बाईक बसूक येवढो साग कित्याक?"

दौलत कपाळाला हात लावून बसला. एवढ्यात शेवंता टोपली घेऊन आली. तिला सगळं कळलं आणि ती इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. मग तिनं मला अंगणात मांडलं आणि माझ्यावर बसली. माझ्यावर बसलेलं पहिलं माणूस ती. ठाम बसली. लग्न कसं करायचं, हे त्याच बैठकीत ठरलं.

"पयल्या लग्नात मी पाटावर बसले व्हते," ती म्हणाली. "आता पाट घरात चालून आलाय, तर घोंगडीवर कशाला बसू? पाटावर बसनार. मांडवात. भर दुपारी."

"पैका कुठाय?" दौलत म्हणाला. "व्हता तो तुझ्या खाली हाय."

"मांडवाला होडीचा शीड. पावसाला सरत आलाय, तसापन माल्यावरनं उतरवायचाच हाय. जेवनाला घरटी एक वाटा मासली, तांदूल माझा. लुगडा माझ्याकडं हिरवा हाय, एकदाच नेसलेला. ताशे नकोत."

"आनि सुकानू?"

"माझी मजुरी नको," धोंडू मधेच म्हणाला. "लाकूड तेवढा तू बघ."

"बघितलंस?" शेवंता म्हणाली. "अर्धा सुकानू झाला पन."

उरली एकच गोष्ट. ती सगळ्यांत स्वस्त होती आणि सगळ्यांत महाग. पुतळाबाईचा गळा.

फट

कोळ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, देवांना बोलावते, हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं गाण्यातून पार पाडते. तिनं गायल्याशिवाय लग्न लग्न होत नाही. पुतळाबाई ही दौलतची चुलती आणि वाड्याची धवलारीण. साठीची, भरल्या कपाळाची, बोलायला तिखट.

भर दुपारी पाट लागणार ही बातमी जमातीच्या तात्यांकडे गेली. तात्या पंच. ते अंगणात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "दिवसाउजेडी पाट लावल्याचा ऐकलंय कुनी?"

"तात्या, मी दिवसाउजेडी मासली इकते, भाव करते, भांडते," शेवंता म्हणाली. "लपून कायपन करत नाय. लगीन तेवढा लपून करू?"

तात्या हुशार होते. नाही म्हणून वाईटपणा घ्यायचा नाही, हे त्यांनी पटकन ठरवलं. "बरा. शनवारी दुपारी धवलारीन येऊन गायली, तर दुपारी कर. नाय आली, तर दिवे लागल्यावर, मागच्या दाराला. बोल, कबूल?"

"कबूल."

तात्या हसत गेले. वाड्यात धवलारीण एकच होती आणि ती पाटाला गात नव्हती.

शेवंता तडक पुतळाबाईकडे गेली. मी गेलो नाही, पाट स्वतः चालत नाही. पण परत आल्यावर तिनं दौलतला सांगितलं ते मी ऐकलं. पुतळाबाई म्हणाली होती, "गो पोरी, तुझ्यावर राग नाय. पन पाटाला धवला गायचा नाय, ह्ये मना माझ्या आयेनं शिकवलंय. आयेचा शब्द मी मोडू?"

"मग?" दौलतनं विचारलं.

"मग काय? मांडव घालायचा."

"ती नाय आली तर?"

"तवा बघू. आत्ता शीड उतरव."

डावी फळी

शनिवारी शिडाचा मांडव पडला. उन्हं त्यातून गाळून येत होती आणि त्याला माशांचा वास येत होता. मला मधोमध मांडलं. पाट एकच होता, त्यामुळे दोघांना माझ्यावरच बसावं लागलं, अर्धी मांडी आत, अर्धी बाहेर. शेवंता हिरव्या लुगड्यात ताठ बसली होती. पण मित्रांनो, मी खाली होतो. तिचे तळवे माझ्या कडेवर किती घट्ट दाबले होते, ते मलाच ठाऊक आहे.

माणसं आली. तात्या आले, खांबाला टेकून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं. मग कलायला लागलं. कुणीतरी खाकरलं. दौलत म्हणाला, "शेवंता, उठू या?"

"तुला उठायचा तर ऊठ. मी बसलेय."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि पुतळाबाई आली. तिनं शेवंताकडे बघितलं नाही, दौलतकडे बघितलं नाही. ती वाकली आणि माझ्यावर हात फिरवला.

"कुनी केला ह्यो?"

"मी, बाय," धोंडू म्हणाला.

"नवा लाकूड हाय. असाच कोरा वापरतात काय? हळद नाय, धवला नाय? आना हळद."

हळद आली. तिनं माझ्या चारी कोपऱ्यांना बोटं लावली, समोर फतकल मारली, डोळे मिटले आणि धवला सुरू केला. मित्रांनो, तो आवाज लाकडात शिरतो. माझ्या दोन्ही फळ्या थरथरल्या.

तात्या पुढे आले. "पुतळाबाय, कुनाला गातेस?"

तिनं कडवं पुरं केलं, मग म्हणाली, "पाटाला. नवा हाय. आयेनं सांगितलेला ह्यो पाट न्हवं, तो दुसरा."

"आनि वर बसलीत ती?"

"ती मना कशी दिसतील? डोले मिटून गाते मी."

मांडव हसला. तात्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. धवलारीण यावी आणि गावी, एवढीच त्यांची अट होती. ती आली होती, गात होती, आणि ऊन अजून अंगणात होतं. अक्षता पडल्या. काही माझ्या फटीत गेल्या.

पण तात्या ते तात्याच. जेवणं झाल्यावर त्यांनी दुसरी रीत काढली. पाट लावलेल्या बाईचं तोंड तीन दिवस सवाष्णींनी बघायचं नसे. "तवा वाड्याभायेर ऱ्हावा. तोंड दाखवू नका."

दौलत संतापला. शेवंतानं मात्र पदर खोचला. "जाते की. कारल्याला जाते, एकवीरेच्या पायावर. तीन दीस."

"आगगाडीनं? पैका?" दौलत कुजबुजला.

"सुके बोंबील हायत ना घरात दोन टोपल्या! वर घाटात सोन्यासारखे इकतात."

आता लग्नानंतर नवराबायकोनं फिरायला जाण्याला लोक निरनिराळी नावं देतात. तेव्हा नाव नव्हतं. तात्या त्याला तोंड लपवणं म्हणत होते. शेवंतानं नुसती टोपली उचलली.

खालची बाजू

मलाही नेलं. "घरी ठेवला तर कोनतरी बसंल," असं ती म्हणाली. दादरला गाडीत बसलो. घाट लागला, बोगदे आले. बोगद्यात दौलतनं माझी कड गच्च धरली होती. वादळात होडी हाकणारा माणूस तो!

लोणावळ्याच्या बाजारात शेवंतानं मला मांडलं आणि माझ्यावर बोंबलांच्या जुड्या रचल्या. हळदीचे डाग अजून ओले वाटत होते. घाटावरची एक माळीण जुडी घेता घेता दोघांच्या हळदीनं पिवळ्या हातांकडे बघून म्हणाली, "नवं लगीन दिसतंया."

शेवंताचा हात जुडीवर थांबला. लगीन. पाट नव्हे.

"व्हय," ती म्हणाली, "शनवारीच झाला." आणि तिला एक जुडी जास्त दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोघं डोंगर चढून देवीला गेली. उतरताना अर्ध्या वाटेवर त्यांनी मला एका खडकावर ठेवलं आणि माझ्यावर बसली. तीच अर्धी मांडी आत, अर्धी बाहेर. दौलत दरीकडे बघत होता.

"समिंदर नाय दिसत," तो म्हणाला. "वारा कुठनं येतो तेच कलत नाय."

"मग आज कुठं जायचा नाय," शेवंता म्हणाली. "सरक जरा तिकडं. पडंन मी."

तो सरकला नाही. तिच्या पाठीमागून हात नेऊन त्यानं तिला धरून ठेवलं.

बोंबील संपले. सुकाणवाच्या नव्या लाकडाची निम्मी सोय झाली. तीन दिवसांचे चार झाले, कारण चौथ्या दिवशी परतायची घाई कुणालाच नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी शेवंता वाड्यात शिरली, मागून दौलत. तिच्या डोक्यावर रिकामी टोपली, टोपलीत मी. बायका दारांत होत्या, पण कुणी मान खाली घातलेली, कुणी सुपात बघत बसलेली. तीन दिवस उलटून गेले होते, तरी आधी वर कोण बघणार? शेवंताची चाल मंदावली नाही. पण टोपलीत मला तिच्या मानेचा ताण कळत होता.

पुतळाबाईच्या दारापाशी हाक आली. "थांब गो."

शेवंता थांबली. म्हातारी उठून आली. तिनं शेवंताची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं. सगळ्या बोळानं ते बघितलं.

"काली झालीस गो उनानं," पुतळाबाई म्हणाली. "बोंबील काय भावानं गेला?"

मग सगळ्यांनाच बोंबलाचा भाव विचारायचा होता.

आता

पुढची माझी वर्षं मानाची गेली. माहीमहून, मांडवीहून बायका 'शेवंताचा पाट' मागायला येत. दुपारच्या नऊ पाटांना मी होतो. पुतळाबाईनं प्रत्येक वेळी डोळे मिटून गायलं. नंतर नंतर मिटायचे विसरली.

मग माझं नाव इतकं झालं की लोकांनी मला कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. जपून. मित्रांनो, माझी दुर्दशा झाली ती त्या जपण्यात. वापरात होतो तोवर मला पुसत, उन्हात ठेवत, तेल लावत. माळ्यावर वाळवी आली. डाव्या फळीचा कोपरा गेला. धोंडूनं तिथे फणसाचं ठिगळ बसवलं, म्हणून आज मी थोडा डुलतो.

माझं मागणं थोडं आहे. मला ओला ठेवू नका, पालथा टाकू नका आणि देव्हाऱ्यातही नेऊ नका. मांडा. दारात कुणी बाई उन्हाची उभी असेल, तर आधी पाट मांडा आणि तिला बसू द्या. कोण, कुठली, कितव्यांदा, हे नंतर विचारा. बसल्यावर माणूस खरं सांगतं.