डालग्यातली धुरी

“काप म्हणते की! मरायच्या आत काप. लेकीच्या पोटात रस्सा तरी जाईल,” कुंपणापलीकडून नागम्मा ओरडली.

“तू कापल्यास, खाल्ल्यास, ढेकर दिलास. झालं न्हवं? माज्या जगणार हायती,” मायाक्कानं शेजारणीला गप्प केलं.

नागम्मा तोंडाची फटकळ, पण बोलत होती ते खोटं नव्हतं. कोंबड्यांच्या रोगानं निम्म्या गावाच्या खुराड्यांत झाडू फिरवला होता. कोंबडी आधी शिंकायची, मग मान लांब करून चोच उघडायची, आणि छातीत घरघर लागली की आटोपलंच. मायाक्काच्या नुकत्या अंड्यावर आलेल्या चारी तलंगांना कालपासून तीच घरघर लागली होती.

आत बाजेवर लेक राजाबाई बाळंतीण पडली होती. अंगात रक्ताचा थेंब नव्हता. पोराला पाजताना तिला घेरी यायची. मायाक्काचा नवरा मेंढरं घेऊन लांबच्या रानात. बकरं कापायचं तर त्याला विचारावं लागतं, कोंबड्या मात्र बाईच्या. कापली तर एक जेवण, जगली तर लेकीला रोजचं अंडं. मायाक्काला एवढंच कळत होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

तिनं लसूण ठेचून हळदीत गोळ्या वळल्या. करडीच्या तेलात पीस बुडवून एकेकीच्या नाकपुड्या मोकळ्या केल्या. चोचीत तुळशीचा रस पिळला. दुपारी एकीनं चार कण्या टिपल्या, तेव्हा मायाक्काचं काळीज सुपाएवढं झालं.

तेवढ्यात तिचा भाऊ धुळाप्पा आला. उभी हयात मेंढरांमागं गेलेला माणूस.

“पिसानं काय हुतंय गं? मेंढरू खोकून ढासाय लागलं की आमी काय करतो? निखाऱ्यावर ओवा आन् कडू लिंबाचा पाला टाकायचा. धुरी द्यायची. सकाळी मेंढरू चराय तयार!”

“कोंबडीला चालंल का, दादा?”

“जीव त्यो जीव. न चालाय काय झालं?”

धुळाप्पा खोटं सांगत नव्हता. पण त्याच्या मेंढरांना धुरी मिळायची ती उघड्या माळावर, वाऱ्यात. हे सांगायचं त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि विचारायचं तिच्या.

तो गेल्यावर तिनं चौघींना उपड्या टोपलीसारख्या डालग्याखाली कोंडलं. आत खापरात निखारे ठेवले, वर ओवा नि पाला टाकला. डालग्याच्या फटींतून भसाभसा धूर निघाला. एवढं औषध वाया जातंय बघून तिचा जीव तळमळला. तिनं अंगावरची घोंगडी काढली आणि डालग्यावर चहूबाजूंनी दाबून बसवली. आत थोडी फडफड झाली. मग घरघर कमी कमी होत बंद पडली. औषध लागू पडलं म्हणून तिनं देवाला हात जोडले.

घोंगडी काढली तेव्हा चौघी एकमेकींच्या अंगावर माना टाकून पडल्या होत्या. तिनं एकेकीला उचलून हलवलं, चोचीत फुंकर घातली. आपल्याच हातानं केलं हे तिला कळलं. आता कापायचीही सोय नव्हती. मेलेलं बाळंतिणीला कोण घालतं?

“आई,” आतून राजाबाईचा बारीक आवाज आला, “घरघर थांबली गं?”

“व्हय.”

“लई झाक झालं. मग उंद्या अंडं मिळंल की.”

“मिळंल की. नीज तू,” मायाक्का म्हणाली, आणि खोरं शोधायला परसात गेली.