शिवणीतली माया

मी चरबीची एक जुनी पेशी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! आधी ऐकून तर घ्या.

मी राहते एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटावर. घरात तिला सगळे ढब्बू म्हणतात. तिचे आजोबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक. फ्रॉक शिवताना ते बाजूच्या शिवणीत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. पोर वाढली, की शिवण उसवायची आणि माया सोडायची. मीही तेच आहे. तापात, अडीअडचणीत लागेल म्हणून शरीराने राखलेली माया.

ढब्बू तान्ही होती तेव्हा माझा काय तोरा होता! जो तो तिचा गालगुच्चा घेई. "कित्ती गुटगुटीत!" हे ऐकून मी धन्य व्हायचे.

माझं आणखी एक काम आहे. मी भरले, की रक्तातून मेंदूला निरोप धाडते, "पुरे." अशा निरोपांना हार्मोन म्हणतात. रिकामं पोटही आपला निरोप धाडतं, "भूक!" दोघांचं ऐकून मेंदू ठरवतो.

पण या घरात 'पुरे' म्हटलं, की ताटात आणखी एक डाव पडायचा. "माझ्यासाठी एवढा एकच घास," आजोबा म्हणायचे. त्यांना नाही कसं म्हणणार? मी टम्म फुगले, माझ्या शेजारच्या पेशीही फुगल्या. आम्ही साऱ्यांनी 'पुरे, पुरे' असा धोशा लावला आणि मेंदूला तो ऐकूच येईना. ढब्बूला जेवून उठताच पुन्हा भूक लागू लागली. अगदी खरी भूक. "आत्ताच जेवलीस ना? हावरट कुठली!" आई करवादायची. गुटगुटीतची जाडी झाली आणि मी सगळ्यांना नकोशी झाले.

मग शाळेत नाच ठरला. आजोबांनी तिचा ठेवणीतला फ्रॉक उसवला, होती नव्हती ती माया सोडली, तरी हुक लागेना. "माया संपली गं," ते सहज बोलून गेले.

ढब्बूने त्या दिवसापासून ताट दूर सारलं. मी साठवलेलं देत राहिले, पण वाढत्या पोरीचं तेवढ्यावर कसं भागणार? माझा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी ती वर्गात घेरी येऊन पडली.

आई आणि आजोबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "ती हावरट नाही हो. तिला खरंच भूक लागते. पुरे झाल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाहीये. टाकून बोलून किंवा उपाशी ठेवून तो पोचणार नाही. भरपूर झोप, रोज खेळणं, सगळ्यांनी सावकाश एकत्र जेवणं. वेळ लागेल." आईने पदराने डोळे टिपले.

"आणि तू गं, जेवण का सोडलंस?" डॉक्टरबाईंनी ढब्बूला विचारलं.

"आजोबांची माया संपली ना," ढब्बू म्हणाली. "तेच म्हणाले."

"अगं वेडाबाई, ती कापडातली!" आजोबांनी तिला कुशीत ओढलं.

परवा जेवताना ढब्बू हळूच म्हणाली, "आजोबा, पुरे." त्यांचा डाव वरच थांबला. सवयीचा हात तो! पण त्यांनी तो पातेल्यात परत ठेवला. मेंदूने माझं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. आजोबांनी मात्र ढब्बूचं ऐकलं.

मित्रांनो, आम्हाला हिणवू नका, आणि आम्ही जिच्या अंगावर राहतो तिला तर मुळीच नका. कुणी 'भूक' म्हटलं तर खरं माना. कुणी 'पुरे' म्हटलं तर हात आवरा.

आज नवा फ्रॉक बेतायला घेतलाय. आजोबांनी टेप गळ्यात टाकत विचारलं, "बोला बाईसाहेब, माया किती ठेवू?"

"भरपूर," ढब्बू म्हणाली.