माझं माप उशिरा घेतलं

मी टाकी बोलतेय, शिंपीआजोबांच्या दुकानातल्या खिडकीतली माशांची टाकी. लांबी दीड हात, रुंदी वीतभर. दिवसभर गिऱ्हाइकांची छाती-कंबर मोजणाऱ्या या माणसाला माझं माप घ्यायला मात्र वर्ष लागलं.

गेल्या सुट्टीत त्यांच्या नातीसाठी माझ्यात सहा गप्पी मासे आले आणि एक बोटभर लांबीचा काळा मासा. गप्पींना सारखी पिल्लं व्हायची, त्यातली बरीचशी काळा मटकावायचा, दोन-चार उरायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण एकदा नातीच्या डोळ्यांदेखत त्याने पिल्लू गिळलं आणि पोरीने रडून दुकान डोक्यावर घेतलं. आजोबा विरघळले. काळ्याची रवानगी शेजारच्या घड्याळवाल्याकडे झाली.

"पुढच्या सुट्टीत ये, टाकी कशी भरलेली दिसेल बघ!" आजोबांनी शब्द दिला.

तो पाळण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. दिवसातून चार-चारदा दाणे टाकले. पिल्लं जगली, त्यांना पिल्लं झाली. कपडे टाकायला येणारे कौतुक करायचे आणि खोटं कशाला बोलू, मीही फुशारले होते.

"अहो, बास आता," आजी काजं करता करता म्हणाल्या. "नुसत्या मुंग्या झाल्यात. घुसमटतील."

"अगं, खायला आहे ना पोटभर? वाढू देत की!"

खायला होतं, पण जागा? शर्टाच्या शिवणीत दोन बोटं कापड राखतात, अंग सुटलं की उसवून वाढवायला. काचेला तशी सोय नसते. उरलेले दाणे कुजले, पाणी गढूळलं, मासे वर येऊन आ वासू लागले. मग अंगावर पांढरे ठिपके आले, एकाचे दहांना, दहांचे सगळ्यांना. मला हे आधी दिसत होतं, पण मी पडले काच, ओरडणार कशी?

नात यायच्या दिवशीच सकाळी आजोबांनी शटर वर केलं, तेव्हा बहुतेक मासे उलटे तरंगत होते. आजींनी ते गाळण्याने काढले. आजोबा मशीनपाशी बसून राहिले.

"आजोबा, बाकीचे कुठे गेले?" नातीने आल्या आल्या विचारलं.

"माझ्या लाडाने गेले गं."

मग उठून त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझी लांबी-रुंदी घेतली. घड्याळवाल्याकडून काळ्याला परत आणलं.

"हा पुन्हा पिल्लं खाईल?"

"खाईल. आपण रडू हवं तर. पण त्याला हाकलायचं नाही."

आज माझ्यात पाच गप्पी आणि काळा आहे. पाणी नितळ आहे, तरी त्या गर्दीच्या दिवसांत मी मिरवले, याची लाज जात नाही. तुमच्या घरी टाकी आणलीत, तर आधी टेप लावा. मासे मेल्यावर घेतलेलं माप बरोबर असतं, पण ते त्यांच्या उपयोगाचं नसतं.