सतरा नंबरचा दगड

"आधी जागा लिहायची. दगड मग उचलायचा."

ह्यांचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो. शुक्रवारच्या सहलीला मुलं गाडीतून उतरली की हे पहिलं वाक्य असायचं. मुलांना घाई असायची. कुणाला हिरवा दगड दिसलेला असे, कुणाला चकाकणारा. हे म्हणायचे, "खिशात घातलास आणि कुठून घेतलास ते विसरलास, तर तो दगड मुका झाला बघ. मग त्याला कितीही विचार, काही सांगणार नाही."

आम्ही मस्कतला अकरा वर्षं होतो. हे एका खाजगी कंपनीत भूजलाचं काम करायचे. पाणी कुठे लागेल हे दगड बघून सांगायचं. पण त्यांचा जीव होता भूविज्ञान मंडळात. तीस-चाळीस सभासद, निम्मे आपले, निम्मे इतर देशांचे. थंडीच्या दिवसांत शाळेच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना डोंगरात न्यायचं, शाळांमध्ये दगडांच्या पेट्या घेऊन जायचं, असं ते काम. शाळांचं सगळं ह्यांच्याकडे होतं. मी डबे करायची. दशम्या, दाण्याची चटणी, आणि सोमवार-गुरुवार नसला तरी माझ्यासाठी वेगळे राजगिऱ्याचे लाडू, कारण माझा काही ना काही नेम चालूच असायचा.

माझ्या नेमांची हे थट्टा करत, पण मोडू मात्र देत नसत. रोज सकाळी देवांची आंघोळ, पूजा, त्याआधी हातावर पाणी घेऊन संकल्प. संकल्पात आपण कुठे आहोत ते सांगायचं असतं. मला आईने शिकवलेला पाठ होता, तोच मी म्हणायची, गोदावर्याः दक्षिणे तीरे. एकदा ह्यांनी चहा पिता पिता ऐकलं.

"रेखा, कुठली गोदावरी? रुवीत राहतेस आणि देवाला पुण्याचा पत्ता देतेस. प्रसाद तिकडेच पोचायचा सगळा."

"देवाला कळतं हो," मी म्हटलं.

"त्याला कळतं गं. सांगणाऱ्याला नको कळायला?"

मी हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदावरीच म्हटली. तोंडात बसलेलं कुठे बदलतं?

१९९८च्या नोव्हेंबरात आम्ही अल अमेरातच्या पलीकडे डोंगरातल्या एका लहानशा गावात गेलो. जाफर आमचा नेहमीचा टॅक्सीवाला. मूळचा बलुची, जन्म मस्कतचा, हिंदी आमच्यापेक्षा चांगली. तो पुढे, मागे दोन गाड्या मुलांच्या. मुलं ह्यांच्याबरोबर वर गेली आणि मी एका म्हातारीच्या दारात सावलीला बसले. तिचं नाव खुदेजा. तिने मला खजूर आणि कॉफी दिली. माझा उपास होता. खजूर घेतला, कॉफी कपाळाला लावून खाली ठेवली. ती हसली. तिला कळलं असावं.

तिच्या उंबऱ्याशी एक दगड होता. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा, राखाडी, आणि त्यात शिंपले गच्च भरलेले. जुन्या समुद्राचे. हे खाली आले आणि त्यांचं पाऊल तिथेच थांबलं.

जाफरने मधे बसून बोलणं केलं. तो दगड खुदेजाच्या मुलाने लहानपणी वरून आणला होता. पुढे तो मुलगा वादीला, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीला, पूर आला त्यात गेला. दगड दारात राहिला. येता-जाता ती त्याला हात लावायची. उंबऱ्याशी झिजलेला चिरा असतो ना, तसा तो वरच्या बाजूला जरा गुळगुळीत झाला होता.

ह्यांनी तो मंडळाच्या प्रदर्शनासाठी मागितला. मुलांना दाखवू, परत आणून देऊ. खुदेजाने दगडावर हात ठेवला.

"ईदच्या आधी आणून देतो, इन्शाल्ला," हे म्हणाले.

ती काहीतरी फटकन बोलली. जाफर हसायला लागला. "साब, बोलती है इन्शाल्ला अल्लाह का काम है. तुम अपना बोलो."

हे एकदम गंभीर झाले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "देईन." खुदेजाने मग माझ्याकडे बघितलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि दाबला. जाफर म्हणाला, "भाभीजी, आपको गवाह रखा है."

गाडीत बसल्यावर ह्यांनी वहीत लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. 'नं. १७. अल अमेरातहून पुढे, तिसरी वादी ओलांडून डावीकडे, पाच खजुरांजवळचं घर, उंबऱ्याची उजवी बाजू. मालकी: खुदेजा. परत करणे.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ.

आता माझं सांगते.

दगडावर नंबर घालायची त्यांची एक पद्धत होती. आधी व्हाइटनरचा लहानसा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या शाईने आकडा, आणि वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा हात, म्हणजे आकडा पुसत नाही. नेलपॉलिश मी कधी वापरलं नाही. ते मंडळाचे अध्यक्ष कॉस्मास यांच्या बायकोकडून, इव्हॉनकडून आणायचे. त्या वेळी तिची बाटली संपली होती. हे मला दोनदा म्हणाले, बाजारात गेलीस तर एक घेऊन ये. दुकानात जाऊन नेलपॉलिश मागायची मला लाज वाटली. उद्या आणू, परवा आणू, असं मी केलं.

प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी हे कामावर गेले होते. बाल्कनीत पेटीभर दगड मांडलेले, सगळ्यांवर वाळवंटातली धूळ. मला वाटलं, इतकी मुलं येणार, हात लावणार. आपल्याकडे चार लोकांपुढे मांडायची वस्तू आपण धुऊन पुसून मांडतो. सकाळी देवांची उपकरणी घासली होती, चिंचेचा कोळ उरला होता. मी बादली घेतली, काथ्या घेतला आणि एकेक दगड चिंचेने घासून काढला. देवाचं नाव घेत घेत घासला. व्हाइटनरचे ठिपके मला डागांसारखे दिसले. खरं सांगते, मी त्यांच्यावर जरा जास्तच जोर दिला.

चुनखडकाला आंबट चालत नाही. हे लिंबाचा थेंब टाकून मुलांना दाखवायचे, बघा कसा फसफसतो. मी ते दहा वेळा बघितलं होतं.

संध्याकाळी हे आले. बाल्कनीत गेले. खूप वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी चहा घेऊन गेले, तर हे खाली बसले होते आणि एक दगड उलटसुलट करून बघत होते.

"रेखा," ते म्हणाले, "ह्यांचे पत्ते गेले गं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

बरेचसे दगड त्यांनी ओळखले आणि त्यांच्यावर पुन्हा नंबर घातले. हिरवा कुठला, काळा कुठला, ते त्यांना तोंडपाठ होतं. पण शिंपल्यांचे तीन होते, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, तीन वेगळ्या ठिकाणचे. सगळ्यांची वरची कातडी चिंचेने खरबरीत झालेली. खुदेजाच्या हाताने आलेला तो गुळगुळीतपणाही गेला होता. सतरा नंबर त्यातला कुठला, ते त्यांना सांगता येईना.

मंडळाच्या बैठकीला मीही होते, चहाच्या टेबलापाशी. कॉस्मास वसईचे, मोठ्या आवाजाचे, मनाचे वाईट नाहीत. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाले, "काय जे. पी., मुलांना सांगतोस जागा लिहा, जागा लिहा, आणि तुझ्याच दगडांचे पासपोर्ट हरवले? बिनपासपोर्टवाल्यांना आपण इथे काय करतो, माहीत आहे ना? डिपोर्ट!"

सगळे हसले. हे म्हणाले, "माझ्या हातून झालं. धुवायला नको होते."

माझ्या हातात बशी होती. मी ती खाली ठेवली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

शाळांचं काम दुसऱ्याकडे दिलं गेलं. थोडे दिवस, आराम कर, असं म्हणून. ह्यांनी मान डोलावली. मग रमजान लागला, सहली थांबल्या. रोज संध्याकाळी हे ते तीन दगड टेबलावर घेऊन भिंगाने बघत बसायचे. मी एकदा म्हटलं, "तिन्ही घेऊन जाऊ. तिलाच विचारू."

"काय म्हणून विचारू?" ते म्हणाले. "तुझ्या मुलाचा दगड मला ओळखता येत नाही म्हणून? थांब दोन दिवस. सापडेल मला."

एक जानेवारीला, शुक्रवारी सकाळी, बूट घालायला खुर्चीवर बसले. एक बूट पायात होता. मी पोळी लाटत होते. हाक आली नाही, काही पडल्याचा आवाज आला नाही. उत्तरा बाहेर आली आणि म्हणाली, "आई, बाबा नीट बसले नाहीयेत."

पुढचं सगळं लोकांनी केलं. पुण्याहून धाकटे दीर आले. तेरा दिवस देवांना हात लागला नाही. ह्यांच्या व्हिसावर आमचा व्हिसा. कंपनीने तिकिटं सोळा तारखेची काढली. अकरा वर्षांचं घर चार खोक्यांत बसलं. ईद अठराला किंवा एकोणीसला, चंद्रावर होतं. म्हणजे ईदला मी ह्या देशात नसणार होते.

तेराव्या दिवशी संध्याकाळी कॉस्मास आणि इव्हॉन आले. इव्हॉन माझ्याजवळ बसून राहिली. तिच्या हातात माळ होती, तिचे मणी सरकत होते, ते मला बरं वाटलं. कॉस्मास बाल्कनीतल्या दगडांकडे बघत उभे होते.

"वहिनी, ह्याची काळजी करू नका. रुसैलला कंपनीचं गोडाऊन आहे, तिथे ठेवतो. नंबरवाले मंडळाला. बाकीचे..." ते थांबले. "बाकीचे बघू."

"तीन माझ्याकडे राहू द्या," मी म्हटलं. "एक खुदेजाबाईंचा आहे."

"ती डोंगरातली म्हातारी? अरे, मी पाठवतो ना कुणाबरोबर. तिघांतला चांगलासा एक देऊन टाकू. वहिनी, रागावू नका, जे. पी.सारख्या माणसाला समजला नाही, तिला काय समजणार?"

"तिलाच समजेल," मी म्हटलं. "ती रोज हात लावायची." आणि मग जे एक महिना आत होतं ते बाहेर आलं. "कॉस्मासभाऊ, ते दगड ह्यांनी नाही धुतले. मी धुतले. चिंचेने. नेलपॉलिश आणायचं तेही मी आणलं नाही."

दीर आतल्या खोलीत खोक्याला दोरी बांधत होते, तेही थांबले.

"पण जे. पी. तर म्हणाला..."

"मी तिथेच होते."

कॉस्मास खाली बसले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "मी त्याला डिपोर्ट म्हणालो होतो," ते म्हणाले. "मस्करीत." इव्हॉनने त्यांच्याकडे बघितलं नाही.

जाताना म्हणाले, "उद्या मी घेऊन जातो तुम्हाला. सुट्टी आहे."

"नको," मी म्हटलं. "जाफरला सांगितलंय. शब्द दिला तेव्हा तोच होता."

दुसऱ्या दिवशी चौदा तारीख, संक्रांत. अकरा वर्षं ह्या दिवशी आमच्या घरी बायकांची रीघ असायची. त्या दिवशी शेजारची नयना दाराबाहेर चपला काढते आहे असं वाटलं, पण ती पुढे निघून गेली. तिचं चुकलं नाही.

मी पहाटेच न्हाले. खोक्यातून देव काढले, फक्त साध्या पाण्याने आंघोळ घातली. उत्तरा दारात उभी होती. चौदा वर्षांची, इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलते. तिच्या हातात बाबांची वही.

"आई, त्या आजींनी... म्हणजे त्यांना पण नाही समजला, कुठला तो, तर?"

"तर तिन्ही तिथे ठेवायचे. आणि मी काय केलं ते सांगायचं."

"त्या खूप रागावतील."

"रागावू देत."

तिने वही उघडून सतरा नंबरचं पान माझ्यासमोर धरलं. मी पळीने हातावर पाणी घेतलं. तोंडात गोदावरी आली होती, ती मागे ढकलली. पानावरून वाचत गेले. अल अमेरातहून पुढे. तिसरी वादी ओलांडून डावीकडे. पाच खजुरांजवळचं घर, उंबऱ्याची उजवी बाजू. मालकी: खुदेजा. खाली रेघ असलेले शेवटचे दोन शब्द उत्तराने वाचले. पाणी ताम्हनात सोडलं.

तीन दगड ह्यांच्या तीन रुमालांत बांधले, वर गाठी मारल्या, कापडी पिशवीत ठेवले. डबा घेतला नाही. त्यांचा रोजा, माझाही उपास. दीर विचारत होते, किती वेळ लागेल, पॅकिंग राहिलंय. मी म्हटलं, दुपारपर्यंत येते.

खाली जाफरने इंजिन चालू ठेवलं होतं. पिशवी जड होती. मी ती पोटाशी धरली आणि एकेक पायरी बघत उतरायला लागले.